पाहुण्यांना स्मूदी हवी आहे. दारात रातांबे (कोकमाची फळं), काजूची बोंडं आणि बरका फणस. कशी करू?

अंगण, गुहागर

नमस्कार मंडळी,

आमचं गुहागर तालुक्यात घरगुती राहण्या-जेवणाचं आहे. चार खोल्या, वाडीतून थोडं चाललं की समुद्र. स्वयंपाकघर मी आणि सासूबाई सांभाळतो. एप्रिल-मे हीच आमची सुगी. पाऊस लागला की गणपतीपर्यंत सामसूम.

पाहुणा उन्हातून आला की हातात कोकम सरबत नाहीतर पन्हं द्यायचं ही आमची पद्धत. त्याला कोणी नावं ठेवलेली नाहीत. पण यंदा तरुण मंडळी सकाळी समुद्रावरून परतली की नाश्त्याबरोबर स्मूदी मागतात. "ताई, जाडसर हवी, फळांची, वरून साखर नको." वेगळे पैसे द्यायलाही तयार असतात, त्यामुळे नाही म्हणवत नाही.

आता अडचणी. आंबा, दूध आणि बर्फ मिक्सरला लावला तर ग्लास टेबलावर पोचेपर्यंत खाली पाणी आणि वर फेस. अननस आणि दह्याचं केलं ते थोड्याच वेळात कडू लागायला लागलं; अननस गोड होता, दही त्याच दिवशीचं होतं. काजूच्या बोंडांचा रस दुधात घातला तर दूध फाटलं आणि पिणाऱ्याचा घसा धरला तो वेगळाच. सासूबाईंचा निकाल एका वाक्यात, "दुधात आंबट घालतात का कोणी?" शिवाय वीज. ती नेमकी नाश्त्याच्या वेळी जाते. मिक्सर साधा ५०० वॅटचा, चटणी-वाटणाचा, त्यात बर्फ घातला की असा आवाज करतो की पाहुणे खोलीतून बाहेर येऊन बघतात.

घरचं म्हणाल तर हापूसची दोन कलमं, रायवळाचं एक जुनं झाड, रातांबे, लाल-पिवळी बोंडं, बरका फणस, वेलची केळी, पपई आणि नारळ हवे तेवढे. कलिंगड बाजारात स्वस्त मिळतं. विकतच्या परदेशी बेरी आणायची माझी तयारी नाही, आणि कोकणात आलेल्याला त्या का पाजायच्या हेही मला कळत नाही. दारातल्या फळांतून जमेल असं काही सांगाल का?

डोंबिवलीचा चाकरमानी

ताई, सरळ १२०० वॅटचा ब्लेंडर घ्या. ओट्स, पीनट बटर, चिया, एक चमचा प्रोटीन पावडर आणि गोठवलेल्या ब्लूबेरी. जिमवाली पोरं हेच पितात, मीसुद्धा रोज पितो. मे महिन्यात गावी येतोच आहे, गुहागर वाटेवरच आहे, बेरीची पाकिटं बर्फात घालून आणून देईन. पैशाचं नंतर बघू.

रातांबेवाली काकू, कुडाळ

चाकरमान्या, तू येताना बेरी आणू नको, रिकामे डबे आण आणि जाताना आंब्याचा रस भरून ने. आमच्याकडे रातांबे झाडाखाली कुजतत आणि पोरां ब्लूबेरी शोधतत!

अंगण, गो बाय, तुझं नीट वाचलं. मी कोकम, आगळ (कोकमाचा खारा रस) आणि अमृत कोकम (साखरेत मुरवलेला कोकमाचा पाक) करून विकते, फळं टिकवायचं थोडंफार शिक्षणही घेतलं आहे, त्यामुळे तुझ्या तिन्ही गोष्टी का घडतात ते सांगू शकते. लांबेल, पण वाच.

आधी बर्फ. बर्फ मिक्सरमध्ये टाकायचाच नाही. बर्फ म्हणजे पाणी, तो वितळला की तुझ्या आंब्यात पाणी पडलं, दुसरं काही नाही. त्याऐवजी फळच गोठवायचं. गोठलेलं फळ हेच बर्फाचं काम करतं आणि जाडीही तेच देतं. रायवळ केसाळ असतो, म्हणून त्याचा रस पिळून पिठाच्या नाही, जरा मोठ्या भोकांच्या चाळणीतून घासून काढ आणि बर्फाच्या ट्रेमध्ये ओत. वड्या झाल्या की काढून डब्यात भर, ट्रे पुन्हा मोकळा. कापीव फळ असेल तर फोडी स्टीलच्या ताटात एकमेकींना न चिकटता पसर, दगडासारख्या कडक झाल्या की मग पिशवीत घाल. थेट पिशवीत कोंबल्यास तर त्याचा एक मोठा गोळा होईल आणि सकाळी तो फोडायला तुला बत्ता लागेल. केळं साल काढून, चकत्या करून गोठव. सालीसकट ठेवलेलं केळं काळं पडतं आणि त्या सालीला नख लागत नाही. केळं निवडताना सालीवर काळे ठिपके आलेलं निवड, ते गोड असतं. तुझ्या पाहुण्यांना साखर नको ना, मग साखरेचं काम ह्या केळ्यानं करायचं.

दोन ग्लासांसाठी माझं माप असं: गोठलेला आंबा दीड वाटी, एक वेलची केळं, पाणी निथळलेलं घट्ट दही पाऊण वाटी, शहाळ्याचं नाहीतर साधं गार पाणी पाऊण वाटी, मिठाचा कण. मीठ विसरू नको. मिठानं आंबा जास्त आंब्यासारखा लागतो. आधी पातळ पदार्थ जारमध्ये, मग केळं, वर गोठलेलं. उलट घातलंस तर पाती मोकळी फिरत राहतात आणि वरचं खाली येतच नाही.

एक मात्र माझं ठाम मत आहे: तयार, निर्मळ हापूस मिक्सरमध्ये घालायचा नाही. तो कापून बशीत द्यायचा. मिक्सरला रायवळ, पायरी, नाहीतर वर डाग पडला म्हणून पेटीत न गेलेला हापूस. कापल्यावर आत पांढरट, स्पंजासारखा साका निघाला तर तेवढा भाग काढून टाक; तो आंबूस लागतो आणि एक फोड सगळा जार बिघडवते. आणि रायवळाची स्मूदी असेल तर फळ्यावर रायवळच लिही. हापूसला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं आहे, लोक आता विचारून घेतात, आणि खरं सांगायचं तर रायवळाचा वास मिक्सरमध्ये हापूसपेक्षा जास्त टिकतो. रत्नागिरीच्या माणसांना हे पटणार नाही. नाही पटलं तर नाही.

आता अननस कडू का झाला. अननसात ब्रोमेलेन नावाचं द्रव्य असतं, ते दुधा-दह्यातली प्रथिनं तोडतं आणि त्यातून कडवटपणा येतो. तुझं दही चांगलं होतं आणि अननसही चांगला होता, दोघांचं पटत नाही एवढंच. नुसतं गोठवून हे द्रव्य मरत नाही. अननसाच्या फोडी थोड्या पाण्यात पाच मिनिटं चांगल्या उकळ, गार कर, मग गोठव; त्यानंतर दह्यात घाल, खुशाल राहील. पपईत तसंच पपेन असतं. कच्च्या पपईच्या चिकात जास्त, पिकलेल्या फळात कमी, म्हणून पिकलेल्या पपईचं दुधातलं पेय केल्या केल्या प्यायलं तर चालतं, ठेवलं तर कडवटतं. तुझ्याकडे पपई असेल तर मी सांगेन की दूध नकोच, लिंबू आणि शहाळ्याची कोवळी मलई घाल. मलई मिक्सरमधून इतकी मऊ येते की पिणाऱ्याला दही घातल्यासारखं वाटतं.

बोंडाची गोष्ट वेगळी. घसा धरतो तो त्यातल्या टॅनिनमुळे, तोच तुरटपणा. दूध फाटतं ते टॅनिन आणि आंबटपणा दोन्हींमुळे. ह्यावर आमच्याकडे पेजेचा उपाय करतात. सकाळी पडलेली, न फुटलेली बोंडं गोळा कर, काजू पिरगळून काढ, बोंडं मिठाच्या पाण्यात धुऊन काप आणि रस पिळून घे. एक लिटर रसाला वाटीभर गार झालेली, गाळलेली तांदळाची पेज घाल, ढवळ आणि न हलवता ठेव. तुरटपणा पेजेला धरून खाली बसतो, पांढुरका गाळ दिसतो. वरचा निवळ रस अलगद ओतून घे. ओतताना मोह आवर, शेवटचा चतकोर भाग टाकून दे, नाहीतर सगळं मुसळ केरात. ह्या रसात दूध बिलकूल नको. गोठलेलं केळं, आल्याचा छोटा तुकडा, मीठ, थोडं लिंबू. बोंडात संत्र्यापेक्षा कितीतरी जास्त क जीवनसत्त्व असतं, हे जिमवाल्यांना सांग म्हणजे ते दोन ग्लास घेतील. फक्त एक, बोंडं आणि त्यांचा रस दोन्ही उन्हाळ्यात संध्याकाळपर्यंत आंबायला लागतात. सकाळचं सकाळीच संपव. (गोव्याला मग त्याचंच पुढे काय करतात ते सगळ्यांना ठाऊक आहे, पण तुझा परवाना नाश्त्याचा आहे.)

सासूबाई म्हणतात ते बरोबरच आहे. आंबट आणि दूध नको. पण आंबट आणि नारळाचा रस? सोलकढी काय आहे मग? म्हणून आंबट फळाला नारळ आणि गोड फळाला दही, एवढं धरून चाल.

माझ्या घरी सगळ्यात जास्त खपते ती कलिंगड-कोकम. कलिंगडाच्या बिया काढून फोडी गोठव, त्या तीन वाट्या. ताज्या रातांब्यांची तीन-चार सालं अर्धी वाटी पाण्यात कुस्करून घे. ताजे नसतील तर पाच-सहा आमसुलं भिजवून. आमसुलांना मीठ लागलेलं असतं, तेव्हा काळं मीठ घालायच्या आधी चाख. जिऱ्याची पूड चिमूटभर. भिजवलेला सब्जा शेवटी चमच्यानं मिसळ, मिक्सरमध्ये नाही. वीस मिनिटं भिजला की तो फुगतो आणि पाती लागली तर त्याचा चिकट लगदा होतो. रंग असा येतो की पोरं पिण्याआधी फोटो काढतात.

दुसरी नारळाची. अर्ध्या नारळाचं खोबरं कोमट पाण्यात वाटून पहिला दाट रस काढ, त्यात दोन गोठलेली वेलची केळी आणि तीन-चार चमचे अमृत कोकम. गुलाबी, गोडसर, मागून आंबट. अमृत कोकमात साखर असते हे मात्र मागणाऱ्याला आधी सांग. नारळाचा रस उकळू नको आणि उन्हाळ्यात बाहेर ठेवू नको, काही तासांत उतरतो. फ्रिजमध्ये ठेवलास तर वर स्निग्धांश गोठून थर येतो, तो खराब झालेला नसतो, हलवून घे.

अमृत कोकम घरी करायचं असेल तर हीच वेळ आहे. रातांबे धुऊन पूर्ण कोरडे कर, अर्धे कापून बिया काढ (बिया वाळवून ठेव, त्यांचं मुठेल म्हणजे घट्ट तेल निघतं, पावसात टाचांच्या भेगांना लावायला), वाट्यांमध्ये साखर भरून बरणीत थर दे. एक किलो सालांना दोन किलो साखर. बरणी काचेची नाहीतर चिनी मातीची. ॲल्युमिनियम-तांब्याला कोकम लावायचं नाही, ते भांडं खातं. तोंडाला दादरा बांधून उन्हात ठेव, रोज कोरड्या पळीनं हलव, साखर विरघळली की गाळ. पहिला मोठा पाऊस पडला की झाडावरचे रातांबे पाणी पिऊन बेचव होतात, त्याआधी उरक.

आणि बरका! त्याचे गरे बुळबुळीत म्हणून शहरी माणूस तोंड वाकडं करतो. त्यालाच तो मिक्सरमधून दे. हाताला खोबरेल लाव, आठळ्या काढ, गरे चाळणीवर घासून रस काढ, धागे वर राहतील. तो रस गोठव. दोन ग्लासांना दीड वाटी बरका, एक वाटी नारळाचा दाट रस, सुंठ, मिठाचा कण. फणस फारच फिका निघाला तर गुळाचा खडा. हे पिऊन झाल्यावर माणूस विचारतो, काय होतं? आधी सांगितलं तर अर्धे जण पीतच नाहीत.

विजेबद्दल मिक्सरवाले बोलतील, मी फ्रीझरचं सांगते. रात्री मोकळ्या जागेत पाण्याच्या बाटल्या भरून ठेव. भरलेला फ्रीझर वीज गेल्यावर रिकाम्यापेक्षा जास्त वेळ थंडी धरतो, आणि वीज नसताना तो उघडायचा नाही, अगदी सासूबाईंनी आइस्क्रीम मागितलं तरी. रस पूर्ण वितळून कोमट झाला तर पुन्हा गोठवून पाहुण्याला देऊ नको. त्याचं साठं (पोळी) घाल उन्हात.

चिपळूणचा मिक्सरवाला

वहिनी, १२०० वॅटचा खर्च करू नका. ५०० वॅटचा मिक्सर हे काम करतो, फक्त त्याला चटणीसारखं पळवायचं नाही.

गोठलेल्या फोडी फ्रीझरमधून काढून चार-पाच मिनिटं बाहेर ठेवा. कडेचं दव सुटलं की घाला. जार दोन-तृतीयांशाच्या वर भरू नका. बटण सरळ तीनवर नेऊ नका. डावीकडे झटका देणारं बटण असतं, त्यानं पाच-सहा झटके द्या, मग एकवर, शेवटी दोनवर अर्धा मिनिट. जास्त फिरवलंत तर पात्याच्या उष्णतेनं तुमची गार केलेली स्मूदी परत पातळ होते, हे काकूंनी सांगितलं नाही म्हणून सांगतो.

मिक्सर अचानक बंद पडला तर लगेच माझ्याकडे आणू नका. उलटा करा, खाली लाल बटण असतं, ताण आला की ते बाहेर येतं. मिक्सरची पिन काढून, गार होऊ देऊन ते लाल बटण दाबा. माझ्याकडे मे महिन्यात येणाऱ्या कितीतरी मिक्सरना एवढंच झालेलं असतं. खरा शत्रू कमी दाबाची वीज. दिवे मंद झाले असतील तेव्हा गोठलेलं काही लावूच नका. मोटर जोर करते, तापते आणि जळका वास आला की समजा वाइंडिंग गेलं. जारखालचा रबरी कपलर झिजला असेल तर मोटर फिरते आणि पाती नाही, तो स्वस्त असतो, एक जास्तीचा घरात ठेवा.

आणि फळांसाठी जार वेगळा घ्या. लसणीचा वास भांड्यात नसतो, झाकणाच्या वायसरमध्ये असतो. वायसर काढून सोडा आणि लिंबाच्या सालीनं घासला तरी मालवणी मसाल्यापुढे तो हरतो. नवा वायसर घाला आणि त्याला वाटण दाखवू नका.

घोलवडचा चिकूवाला

कोकण म्हटलं की सगळे रत्नागिरीच्या खालीच बघतात, म्हणून उत्तरेकडून दोन शब्द. डहाणू-घोलवडच्या चिकूलाही २०१६ मध्ये मानांकन मिळालं आहे, आणि स्मूदीला चिकूसारखं सरळ फळ नाही. आंबट नाही, त्यामुळे दूध फाटायची भीती नाही, गोडीला साखर लागत नाही. फक्त तो पूर्ण पिकलेला हवा. बोटानं दाबल्यावर सगळीकडून सारखा मऊ लागला पाहिजे. देठाशी कडक असेल तर आत चीक आणि तुरटपणा राहिलेला असतो आणि तो मिक्सरमध्ये लपत नाही. साल काढा, बी काढताना तिच्या टोकाचा आकडा बघा, तो तुटून गरात राहतो आणि घशाला लागतो. फोडी गोठवून तीन चिकूंना एक वाटी गार दूध. वेलची वगैरे घालू नका, चिकूचा वास जातो.

ताई, तुमच्याकडे चिकू नसेल तर गुहागर बाजारात मिळेलच, पण कुठला ते विचारा.

दापोलीहून

सगळं छान, एक पथ्याचं. साखर घातली नाही म्हणजे साखर नाही असं पाहुण्यांना वाटतं. शंभर ग्रॅम आंब्यात स्वतःची साधारण १४ ग्रॅम साखर असते. मोठ्या ग्लासात दोनशे ग्रॅम आंबा आणि एक मोठं केळं गेलं की ४० ग्रॅमच्या घरात पोचलो, आणि चावून खायला जेवढा वेळ लागला असता त्याच्या पाव वेळात ते पोटात जातं. मधुमेह असलेल्यांना लहान पेल्यात द्या, गाळू मात्र नका, चोथा राहू दे. त्यांच्यासाठी काकूंची कलिंगड-कोकमसुद्धा अर्धाच पेला, आणि त्यापेक्षा साधं ताक बरं. आणि एक वर्षाच्या आतल्या बाळाच्या पेल्यात कोणी कौतुकानं मध घालायला सांगितला तर घालू नका, त्या वयाला मध धोक्याचा असतो.

रातांबेवाली काकू, कुडाळ

दापोलीकर बरोबर बोलतात. माझ्या घरातही साखरवाला माणूस आहे, त्याला मी नारळाचा रस, ताजं रातांब्याचं पाणी, मीठ आणि चार पानं पुदिना असं देते. केळं नाही. तो तोंड वाकडं करतो पण पितो.

अंगण, गुहागर

काकू, मिक्सरवाले भाऊ, सगळ्यांचे मनापासून आभार.

कलिंगड-कोकम काल नाश्त्याला ठेवली, तीन खोल्यांतून पुन्हा मागणी आली. बोंडाच्या रसाचा गाळ खरंच तासाभरात तळाला बसला. सासूबाई बरणीला डोळा लावून बसल्या होत्या, कोणाला हलवू देईनात. वरचा रस त्यांनी आधी चमचाभर चाखला, मग पेलाभर, आणि मग म्हणाल्या की ह्यात दूध नाही म्हणून चांगलं लागतंय. बरका करून बघितला नाही, झाडावरचा थोपटला तर अजून वाजत नाही, म्हणजे तयार नाही.

नवा जार आणला. जुन्या वायसरचा वास घेऊन पाहिला आणि मिक्सरवाल्या भाऊंचं म्हणणं शंभर टक्के पटलं.

आता दोन शंका. एक, दर काय लावू? फळं घरची, पण नारळ खवणं, पेज, चाळणी ह्यात सकाळ जाते. दुसरी, सकाळी सातला वीज असते तेव्हाच फिरवून ठेवली आणि नऊला दिली तर चालेल का?

रातांबेवाली काकू, कुडाळ

घरची फळं म्हणजे फुकट नव्हेत. बाजारात त्यांना भाव आहे आणि तुझ्या हातालाही आहे. गावात शहाळं ज्या भावानं मिळतं त्याच्या दीडपट लाव, कलिंगडाला थोडं कमी, बरक्याला जास्त कारण हात चिकट होतात. फळ्यावर तीनच नावं लिही, बाकी जे त्या दिवशी पिकलं असेल ते तोंडी सांग. मोठी यादी लावलीस की लोक नेमकं नसलेलं मागतात.

सातला फिरवलेलं नऊला चालेल, पण सगळ्याचं नाही. दही-आंबा तोंडापर्यंत भरलेल्या थर्मासमध्ये राहतो, थर्मास आधी गार पाण्यानं थंड करून घे. नारळाचंही राहील, ओतण्याआधी हलव. कलिंगडाचं पाणी सुटतं, ते आयत्या वेळीच. वीज नसेल तर कलिंगडाच्या अर्धवट गोठलेल्या फोडी पातेल्यात घे आणि रवीनं घुसळ. जाड राहतं, तुकडे लागतात, पण कोणी परत करत नाही.

फणस वाजत नसेल तर त्याच्या काट्यांकडे बघ. काटे बोथट होऊन एकमेकांपासून दूर झाले आणि झाडाखाली वास यायला लागला की उतरव, खाली पडू देऊ नको, बरका पडला की फुटलाच.

डोंबिवलीचा चाकरमानी

काकू, बेरी रद्द. घरात कोकम आगळाची बाटली पडून आहे, तीच केळ्यात घालून आज करू का? आणि ओट्स घातले तर?

रातांबेवाली काकू, कुडाळ

नको रे बाबा. आगळ मिठात मुरवलेलं असतं, केळ्यात घातलंस तर लोणच्याचं पाणी प्यायल्यासारखं होईल. ते कढीला वापर. ओट्स घाल हवे तर, पण रात्री भिजवून, आणि दोन चमच्यांच्या वर नकोत, नाहीतर ग्लासात चमचा उभा राहील. अमृत कोकम हवं असेल तर व्यक्तिगत निरोप कर, यंदाचं गाळून झालं की बाटली पाठवते. काचेची आहे, रिकामी परत आण.